दहा म्हणजे गप्प

तुमच्या धंद्यावर लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी मानधन विचारलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. मी विनोद केला नव्हता. थोडी घासाघीस झाली आणि मानधन आहे तेवढंच, पण अंकाच्या चार प्रती जास्त, यावर मिटलं. चारपैकी तीन प्रतींचं मी काय करणार ते मलाही माहीत नाही. एक कुठे जायची ते ठरलेलं आहे.

माणगावच्या बाजारात मोटार वाइंडिंगवाला आणि बियाण्यांचं दुकान यांच्या मधे माझा गाळा आहे. पाटीवर अजून ‘रेडिओ व अँप्लिफायर दुरुस्ती’ असंच लिहिलेलं आहे. आत मी जुन्या इलेक्ट्रिक गिटारी घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. त्यातही डाव्या, म्हणजे डावखुऱ्या वादकांसाठी कारखान्यातच डाव्या बनवलेल्या. असा धंदा करणारा दुसरा माणूस या किनाऱ्यावर नाही, आणि तिसरा कुठे असेल तर त्याने मला भेटावं. आमच्या घरी भातशेती होती. मी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारत सोल्डरिंग शिकलो. पुढचं सगळं माझं मी केलं, आणि करताना बरीच भांडणं केली. गिऱ्हाईक मला तापट म्हणतात. पण भाव करताना जो तापत नाही, त्याला वस्तूची किंमत कळलेली नसते, असं माझं मत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मला गिटार वाजवता येत नाही.

उजवी गिटार उलटी धरली की डावी झाली, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. उलटी धरली की जाड तारा खाली जातात, बारीक वर येतात, आवाजाची बटणं कोपराखाली येतात आणि हात लावला की बाजा बंद पडतो. खरी डावी गिटार म्हणजे उजवीचं आरशातलं रूप. लाकूड, मान, घोडी, खुंट्या, सगळं फिरवून करावं लागतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या परदेशी कारखान्यांना हे फार जिवावर यायचं. वर्षभर डाव्यांच्या मागण्या साठू द्यायच्या आणि एखाद्या दिवशी सगळ्या एकदम उरकायच्या, अशी पद्धत. लाकूड कापायचा नमुना त्या दिवशी पालथा करून ठोकायचे, त्याच्या खिळ्यांची भोकं मी लाकडात पाहिली आहेत. वरची प्लास्टिकची प्लेट साच्यातून न काढता हाताने कापायचे, म्हणून तिची कड जरा नागमोडी असते. मानेच्या कडेला बोटांच्या खुणेसाठी ठिपके असतात, ते कधी कधी वादकाला दिसणारच नाहीत अशा कडेला बसवलेले.

आणि आवाजाचं बटण. डावी बटणं कोण बनवणार? उजव्याचंच घ्यायचं, आतल्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. बटण फिरायचं डाव्या बाजूने, पण पोटात रचना उजवी. परिणाम असा, की जरा फिरवलं की आवाज एकदम उसळतो, आणि नंतर कितीही फिरवा, वाढत नाही. वरचे आकडेही उजव्याचेच, त्यामुळे ते उलटे चालतात. एकवर गिटार गर्जते. दहावर ती पूर्ण गप्प.

डाव्या कमी, म्हणून त्यांना भाव जास्त. भाव जास्त, म्हणून लबाडी आली. उजवी गिटार घ्यायची, भोकं बुजवायची, नवी पाडायची आणि डावी म्हणून विकायची. माझं खरं काम एवढंच: ही जन्मडावी की केलेली, ते सांगायचं. ‘जन्मडावी’ हा शब्द माझा आहे. मुंबईचे व्यापारी तो आता वापरतात आणि कुठून आला ते सांगत नाहीत.

डाव्या गिटारी आमच्या किनाऱ्यावर आल्या कुठून, हे मला परदेशातली गिऱ्हाइकं नेहमी विचारतात. त्याचं उत्तर मला हुसेनचाचांनी दिलं. श्रीवर्धनच्या पुढे सुपारीच्या वाडीत त्यांचं घर. सगळी उमर जहाजावर खलाशी म्हणून गेलेली. मी अँप्लिफायर पोचवायला गेलो होतो, तर सुपारीच्या गोणीमागे एक गिटार उभी. चाचा म्हणाले, परदेशातल्या एका बंदरात जुन्या सामानाच्या दुकानात भिंतीवर सात-आठ गिटारी टांगलेल्या होत्या. सगळ्या सारख्याच दिसत होत्या, पण एकीचा भाव निम्मा. “मी म्हटलं, दुकानदार येडा हाय. पैसे टाकले नि पळालो.” घरी आल्यावर मुलाने वाजवायला घेतली, तेव्हा येडा कोण ते कळलं.

पुढे मी किनाराभर फिरलो तेव्हा हीच कथा मला घराघरांत भेटली. खलाशी माणूस, बंदरातलं दुकान, भिंतीवरची सगळ्यात स्वस्त गिटार. प्रत्येकाला वाटत होतं की आपण त्या दुकानदाराला फसवलं. तिकडे डावी कुणी घेत नव्हतं म्हणून ती स्वस्त होती, आणि आमच्या माणसांनी त्या वेचून वेचून इथे आणल्या. इथे त्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीला टांगलेल्या मी पाहिल्या आहेत.

या गिटारी वाजवून पाहणारा एकच माणूस होता. दत्ताराम. दत्तू. हुसेनचाचांच्या घरापासून खाली उतरलं की कोळीवाडा, तिथला. नाखवा माणूस, आणि हळदीच्या मोसमात बेंजो पार्टीत गिटार वाजवायचा. बेंजो पार्टी म्हणजे एक बेंजो, एक कीबोर्ड, ढोलकी, आणि दत्तूसारखा एखादा गिटारवाला. दत्तू डावखुरा. उजवी गिटार उलटी धरून वाजवायचा आणि दर दोन गाण्यांनी त्याच्या कोपराने आवाज बंद व्हायचा. वऱ्हाडी त्याला त्यावरून हसायचे.

त्यांचा अँप्लिफायर नीट करायला मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो. काम झाल्यावर त्याने मला तळलेल्या बोंबलांची ताटली दिली, ती डाव्या हाताने. त्याची आई चुलीपासून ओरडली, पाव्हन्याला डाव्या हातानं देतोस? लहानपणी तिने त्या हातावर पळीचे फटके दिले होते. बाहेरच्याला द्यायचं-घ्यायचं ते उजव्याने, हे त्याला त्यातून पक्कं झालं होतं, आणि देवळात, बाजारात तो ते पाळायचाही. डावा हात फक्त घरच्यांसाठी. दत्तू आईला म्हणाला, “ह्यो पाव्हना न्हाय, आये.” मला तो भेटून दोन तास झाले होते.

हुसेनचाचांची गिटार मी त्याला दिली. ज्या भावात घेतली त्याच भावात. नफा न घेता मी केलेला तो एकच सौदा. तेव्हा मला डाव्यांतलं काही कळत नव्हतं. मी वायर जोडली, तारा बदलल्या, प्लेट उघडलीसुद्धा नाही. दत्तूने ती मांडीवर घेतली आणि बटण शोधलं. आवाज एकदम उसळला, तो दचकला. मग आकडे बघून म्हणाला, “मधू, हिचं दहा म्हंजे गप्प.”

ते आमचं बोलणंच होऊन गेलं. मी गिऱ्हाइकावर ओरडायला लागलो की दत्तू कोपऱ्यातून म्हणायचा, “दहावर ये.” गिऱ्हाइकाला वाटायचं, भाव दहा हजारांवर आणायला सांगतोय. त्या गैरसमजातून माझे दोन सौदे चांगले झाले आहेत.

पुढची वर्षं जी गिटार येईल ती दत्तू वाजवायचा आणि मी ऐकायचो. तो सांगायचा, हिची मान वाकलीय, हिचा मालक बोटात अंगठी घालायचा, ही कुणी मन लावून वाजवलेलीच न्हाय. मी त्यावरून भाव ठरवायचो. नारळी पौर्णिमेला तो आपली गिटार नारळाशेजारी पूजेला ठेवायचा. एका वर्षी त्याच्या आईची अगरबत्ती कलंडली आणि गिटारीवर, घोडीच्या खाली, अर्ध्या चंद्रासारखा डाग पडला. मी म्हटलं, किंमत उतरली. म्हातारी म्हणाली, तुझी उतरली असंल.

आता झालं ते सांगतो.

दत्तूच्या होडीचं इंजिन गेलं. मी ऐकलं ते बाजारात. पाठोपाठ हेही ऐकलं की तो गिटार विकतोय, आणि ती मुंबईच्या एका व्यापाऱ्याला. माझ्याकडे तो आला नव्हता. ज्याने डाव्यांचा धंदा उभा केला, ज्याने ती गिटार त्याला दिली, त्याला डावलून तो मुंबईला फोन करतो, हे माझ्या डोक्यात बसलं. डावलणं हा शब्द तोपर्यंत मी हजारदा वापरला असेन. त्यात ‘डावा’ आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

तो व्यापारी सावध माणूस. गिटार बघून, दत्तूला गाडीत घेऊन परत जाताना त्याने हायवेवर माझ्या दुकानापाशी गाडी थांबवली. गिटार माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, या किनाऱ्यावर डाव्यांचं तुम्हालाच कळतं असं सगळे म्हणतात, एवढं बघून सांगा. त्याच्यामागे दत्तू उभा होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, नेहमीसारखी.

मी प्लेट उघडली. प्लेटखाली, लाकडात, उजव्या गिटारीला बटणं-वायरींसाठी असते तशी खाच होती आणि ती तुकडा बसवून बुजवलेली होती. शेजारी डावी खाच नव्याने कापलेली. ठिपके चुकीच्या कडेला. बटण उजव्याचं. शेवटच्या दोन गोष्टी खऱ्या डावीतही असतात, ते मला माहीत होतं. मी ते सगळं व्यापाऱ्याला बोट लावून दाखवलं आणि सांगितलं, “उजवीची डावी केलेली आहे.”

मला खात्री होती का? आठ आणे खात्री होती. आठ आणे राग होता.

दत्तू एवढंच म्हणाला, “मी न्हाय हात लावला.” व्यापारी हसला, असं सगळेच म्हणतात म्हणाला, आणि लाकडाच्या भावात गिटार घेऊन गेला. इंजिनाला पैसे हवेच होते, दत्तू नाही म्हणू शकला नाही. पुढे बेंजो पार्टीतली पोरं त्याला ‘डुप्लिकेट’ म्हणायला लागली. दत्तूने खोटा माल मुंबईवाल्याच्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला, असं कोळीवाड्यात झालं. त्यानंतर तो माझ्या दुकानाची पायरी चढला नाही. मीही गेलो नाही. डावलला गेलो होतो तो मी, असं माझं म्हणणं होतं.

ही गिटार मला याच माणसाने दिली, हे तो त्या व्यापाऱ्यासमोर म्हणू शकला असता. एवढं एक वाक्य. ते त्याने का उच्चारलं नाही, याचा मी बरीच वर्षं विचारच केला नाही.

सहा वर्षांनी म्हसळ्याच्या बाजूला एका खलाशाच्या घरात तशीच गिटार मिळाली. प्लेट उघडली तर तीच बुजवलेली खाच, तसाच तुकडा, तसाच पिवळट गोंद. मला वाटलं, कुणी एकच लबाड माणूस असणार. पुढच्या वर्षी श्रीवर्धनमध्ये तिसरी मिळाली. तिचं सोल्डर कारखान्यातलं, कुणी कधी न छेडलेलं. म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून ती उघडलीच गेली नव्हती, आणि आत तीच खाच बुजवलेली. मी ती टेबलावर ठेवली आणि दुकानाचं शटर ओढून घेतलं.

झालं असणार ते असं. डाव्यांचा दिवस. यंत्रावरचा माणूस वर्षभर उजव्या कापत आलेला. हाताच्या सवयीने त्याने आधी उजवी खाच कापली. लाकूड टाकून द्यायचं तर मुकादम बोलणार. तुकडा बसवला, गोंद लावला, डावी खाच कापली, वरून प्लेट. कुणाला दिसतंय? एका परदेशी माणसाचा हात एका दिवशी सवयीने चुकला, आणि त्यावरून मी माणगावात बसून दत्तूला लबाड ठरवलं.

मला तेव्हा कळलं. त्याला सांगायला मी अकरा वर्षं घेतली. दर वेळी निघायचो आणि मनात यायचं, आधी तो का आला नाही माझ्याकडे?

या अकरा वर्षांत धंदा बदलला. आता लोक फोनवर फोटो पाठवतात. ‘डाव्या हाताची जुनी गिटार आहे, ताबडतोब या.’ मी एकदा भर उन्हात उरणपर्यंत गेलो. एका निवृत्त हेडमास्तरांनी फार प्रेमाने गिटार दाखवली. ती उजवी होती. फोटो त्यांनी स्वतःच्या बाजूच्या कॅमेऱ्याने काढलेला, आणि त्यात सगळं आरशासारखं उलटं येतं. मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. मास्तर शांतपणे म्हणाले, “अहो, फोटोत तर मीसुद्धा डावखुरा दिसतोय.” आता मी सांगतो, गिटारीशेजारी वर्तमानपत्र धरून फोटो काढा, अक्षरं सरळ दिसली तर निघतो. ही गोष्ट सांगायला त्या दिवशी मला कुणी हवं होतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी पनवेलला असते, तिने फोनवर ऐकली आणि म्हणाली, बाबा, पाणी प्यायलात का?

बरं, गिटारी येतच राहिल्या. भिंतीवर आज सहा टांगलेल्या आहेत. त्या मी बघून, मोजून, तारेला नख लावून विकतो. कशा वाजतात ते मला माहीत नाही. दत्तू यायचा बंद झाल्यापासून मी एकही डावी गिटार ऐकलेली नाही.

गेल्या पावसाळ्यात परदेशातून एका संग्राहकाची मेल आली. त्याच्याकडची डावी गिटार भारतातून आली आहे असं त्याला विकणाऱ्याने सांगितलं होतं. जन्मडावी म्हणूनच त्याने ती भरपूर किमतीला घेतली होती. तिची आधीची हकिगत कुणाला ठाऊक असेल तर ती कागदावर हवी होती. सोबत फोटो. घोडीच्या खाली अर्ध्या चंद्राचा डाग.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी कोळीवाड्यात गेलो. दत्तू ओटीवर जाळं विणत बसला होता. केस पांढरे. मला बघून उठला, खुर्ची पुढे केली.

“या शेठ, बसा.”

तो मला कधीच शेठ म्हणाला नव्हता. मला वाटलं, टोमणा आहे. टोमणा चालला असता. मी बसलो आणि सगळं सांगितलं. म्हसळ्याची गिटार, श्रीवर्धनची, सोल्डर, गोंद, यंत्रावरचा माणूस. मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने चष्मा शोधून आणला आणि खूप वेळ बघितला.

“आयेच्या अगरबत्तीचा डाग,” तो म्हणाला.

“ती जन्मडावीच होती, दत्तू. मी चुकलो.”

“मला म्हाईत व्हतं.”

कसं, असं मी विचारलं. आवाज चढला होता माझा. एवढी वर्षं मी गिटारींची पोटं फाडून जे शोधलं, ते याला आधीच माहीत?

“दहा म्हंजे गप्प,” दत्तू म्हणाला. “कोनी फशिवन्यासाठी बनवली असती, तर आकडे नीट लावले असते. फशिवनारा मानूस काम सुबक करतो, शेठ.”

तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

मग तेव्हा गप्प का राहिलास, गिटार मीच दिली होती हे का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. तो जाळ्याची गाठ सोडवत म्हणाला, त्या मुंबईवाल्याच्या म्होरं? तुमचं दुकान व्हतं.

मी तिथेच थांबायला हवं होतं. मी माफी मागायला गेलो होतो. पण जे इतकी वर्षं चावत होतं ते तोंडातून निघालंच. म्हटलं, “आणि आधी माझ्याकडे का आला नाहीस? मला डावललंस.”

दत्तूने जाळं बाजूला ठेवलं.

“तुमच्याकडं आलो असतो, तर तुम्ही भाव केला असता,” तो म्हणाला. “मंग मी पन केला असता. ते नको व्हतं.”

तो आत गेला. मी ओटीवरून बोलतच राहिलो. त्या संग्राहकाला मी पत्र लिहिणार आहे, त्यात तुझं नाव घालणार आहे, बेंजो पार्टीतला तुझा फोटो असेल तर दे, तो गिटारीबरोबर कायमचा राहील, कोळीवाड्यातल्या लोकांनाही मी सांगतो, पाहिजे तर बाजारात उभा राहून सांगतो. आतून तो बरं, बरं म्हणत होता. मला दारातून त्याचा हात दिसत होता. गॅसचं बटण त्याने आधी उलटं फिरवलं, मग सुलटं. माझा आवाज वाढत गेला, आणि मी वाट बघत होतो की आता तो आतून म्हणेल, दहावर ये.

तो चहा घेऊन बाहेर आला. कप माझ्यापुढे धरला तो उजव्या हाताने, डावा हात उजव्या कोपराला लावून, पाहुण्याला देतात तसा.

मी कप घेतला आणि दहावर आलो.